नारळ सागराला, टाका शिडाला

आज श्रावणी पौर्णिमा. घरोघरी बहिणी भावांच्या मनगटावर राखी बांधतील, श्रावणी करणारे नवे यज्ञोपवीत धारण करतील आणि किनाऱ्यावर दर्याला नारळ अर्पण होईल. धाग्याच्या या पवित्र दिवशी आणखी एका धाग्याचे स्मरण वाचकांना करून द्यावे, असे आम्हांस वाटते. तो धागा शिडाचा होय.

यंत्रे येण्यापूर्वी कोकणच्या किनाऱ्यावर वर्षाचा क्रम ठरलेला असे. पावसाळ्याच्या तोंडी होड्या ओढून शाकारल्या जात. शीड कडक उन्हात वाळवूनच घडी घालावे लागे, कारण ओलसर गुंडाळलेल्या सुती कापडावर बुरशी चढते आणि ते कुजते. मग दर्या बंद असलेल्या दिवसांत जाळी आणि शिडे दुरुस्त व्हावयाची.

हे काम घरच्या शिवणासारखे नव्हे. जाड कापडातून सुई बोटांनी रेटता येत नाही. तळहातावर चामड्याचा पट्टा चढवावा लागतो आणि त्यात बसविलेल्या धातूच्या चकतीने सुई मागून ढकलावी लागते. सुईचे टोक तिधारी असते. दुहेरी दोरा आधी मेणावरून ओढतात. त्याने पाणी सहज आत शिरत नाही आणि पिळातील तंतू सुटत नाहीत. ठिगळाचे उभे-आडवे धागे मूळ कापडाच्या धाग्यांशी जुळवावे लागतात. नाहीतर वारा भरताच ते वेडेवाकडे ताणते. ठिगळाच्या कडा आत दुमडून चोहोबाजूंनी टाके घालावयाचे, शीड उलटून फाटलेला भाग नीट कापावयाचा आणि त्याही कडा दुमडून दुसरी रांग घालावयाची. टाके विरळ पडले तर जोड उघडतो; फार दाट पडले तर भोकांच्या रांगेवरूनच कापड फाटते. येथे हाताला विवेक लागतो.

आज बहुतेक मासेमारी नौकांवर यंत्राची धडधड आहे. जी लहान शिडाची होडकी उरली आहेत, त्यांवर पॉलिएस्टरचे कापड आले आहे. ते कुजत नाही, पण उन्हाने दुबळे होते. शिवाय त्या कडक कापडात टाका रुतून बसत नाही. वर उठून राहतो, दोराला घासतो आणि कापड धड असतानाच तुटतो. म्हणजे कापड बदलले, तरी शिवणीवरून बोट फिरवून पाहण्याचे कर्तव्य सुटलेले नाही. 2009-10 मध्ये कमांडर दिलीप दोंदे यांनी ‘म्हादेई’ या शिडाच्या नौकेतून एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. अशा प्रवासात भर समुद्रात शिंपी भेटत नाही. सुई स्वतःच हाती घ्यावी लागते.

आम्हांस या सणाचा अर्थ येथेच दिसतो. नारळ सागराला वाहिला जाई, तो होडी दुरुस्त झाल्यावर, शीड सांधल्यावर. जे मानवाच्या हाती होते ते आधी पूर्ण होई. जे त्याच्या हाती नव्हते, त्यासाठी मग हात जोडले जात. उसवलेले शीड तसेच चढवून वाहिलेला नारळ ही भक्ती नव्हे. आपल्या आळसाचा भार देवावर टाकणे होय. हे घरालाही लागू आहे. गळते कौल, सैल झालेली विजेची तार, कित्येक दिवसांचा अबोला, ही सारी उसवलेली शिडेच आहेत.

शीड शिवणारे हात आता थोडे उरले आहेत. ज्यांच्या घरी अजून असे वडीलधारे आहेत, त्यांनी आजच्या दिवशी मुलांना त्यांच्याजवळ बसवावे आणि एक तरी टाका शिकून घ्यावा. ही कला पुस्तकातून हाती येत नाही. ती हातातून हातात जाते.

सागर सर्वांना सांभाळो. आपणही आपली शिडे सांभाळू या.