वर्दी उतरली, पुढे काय?

आपल्यासोबत बारावी झालेला एखादा मित्र अग्निवीर झाला असेल, तर जरा हिशोब करून बघा. आपण पदवी घेऊन नोकरीसाठी अर्ज भरत असू, तेव्हा तो नोकरी संपवून घरी परतत असेल. २०२२ च्या अग्निपथ योजनेत चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जवान कायम होतात. बाकीचे सेवानिधी घेऊन बाहेर पडतात. पेन्शन नाही, माजी सैनिकाचा दर्जाही नाही. पहिल्या तुकडीची चार वर्षं २०२६ च्या अखेरीपासून संपू लागतात.

त्यांच्यासाठी पोलीस आणि निमलष्करी दलांत जागा राखून ठेवायच्या घोषणा झाल्या. चांगलंच आहे. पण म्हणजे पुन्हा वर्दीच! फौजी म्हणजे गेटवरचा सिक्युरिटी, हे समीकरण आपल्या डोक्यातून जातच नाही.

आता मुख्यमंत्री फेलोशिप बघा. २०१५ पासूनची ही योजना. वय २१ ते २६, पदवीला ६० टक्के, एक वर्षाचा अनुभव. निवड झालेले ६० जण वर्षभर थेट प्रशासनासोबत काम करतात. परतणाऱ्या अग्निवीराचं वय यात अगदी फिट बसतं. अडतं ते टक्क्यांवर. इग्नूने त्यांच्यासाठी पदवी अभ्यासक्रम आणलाय, त्यात निम्मे श्रेयांक लष्करी प्रशिक्षणाचे धरतात. पण सीमेवर ड्युटी करत ६० टक्के काढायचे, हे बोलायला सोपं आहे.

म्हणून मागणी साधी आहे. ६० पैकी सहा जागा अग्निवीरांसाठी ठेवा. त्यांना पदवी हवीच, पण टक्क्यांची अट शिथिल करा आणि चार वर्षांची सेवा अनुभव म्हणून धरा. परीक्षा तीच, मुलाखत तीच.

‘मग आमच्या जागा कमी होणार,’ असं कुणी म्हणेल. होतील, सहा. पण पूर आला की जिल्हाधिकारी कार्यालयात कोण लागतं? नकाशा वाचणारा, माणसं हलवणारा, रात्रभर जागणारा. हे आपल्याला कुठल्या सेमिस्टरला शिकवलं?

आपण कॉलेजच्या कट्ट्यावर होतो, तेव्हा तो पहाऱ्यावर होता. परत आल्यावर त्याला गेट दाखवायचं की ऑफिसातली खुर्ची, हे सरकारने आत्ताच ठरवावं.