अर्धविराम म्हणजे अर्धा श्वास नव्हे

इंग्रजीच्या तासाला सेमीकोलन दोन मिनिटांत उरकला जातो. ‘स्वल्पविरामापेक्षा थोडे जास्त थांबा, पूर्णविरामापेक्षा थोडे कमी,’ एवढे सांगून गाडी पुढे निघते. मग मराठी किंवा उर्दू माध्यमातून शिकलेली आपली मुले इंग्रजीत अर्ज-निबंध लिहू लागली की दोनपैकी एक करतात. एक तर हे चिन्ह कायमचे टाळतात, नाहीतर वाक्य भारदस्त दिसावे म्हणून कुठेही टाकतात. माझे म्हणणे साधे आहे. हे चिन्ह श्वासाचे नाही, अर्थाचे आहे. ते अर्थानेच शिकवले पाहिजे.

त्याची मुख्य कामे दोनच. पहिले काम दोन पूर्ण वाक्ये जोडण्याचे. ‘द ट्रेन वॉज लेट; वी मिस्ड द इंटरव्ह्यू.’ दोन्ही बाजूंची वाक्ये आपापल्या पायांवर उभी आहेत, पण त्यांचे एकमेकांशी नाते आहे. इथे नुसता स्वल्पविराम दिला तर इंग्रजीत ती चूक मानली जाते. मराठीत आपण स्वल्पविराम देत वाक्यामागून वाक्य ओवत जातो, कोणी हरकत घेत नाही. तीच सवय इंग्रजीत नडते. मध्ये ‘बिकॉज’ आले तर सेमीकोलन नको, कारण पुढचा भाग एकटा उभा राहू शकत नाही. ‘हाउएव्हर’ने दुसरे वाक्य सुरू होत असेल तर त्याच्या आधी सेमीकोलन आणि नंतर स्वल्पविराम.

दुसरे काम यादीतले गट वेगळे ठेवण्याचे. याचे उत्तम उदाहरण मुलांच्या पाठ्यपुस्तकातच छापलेले असते: संविधानाची उद्देशिका. तिच्यात न्याय तीन प्रकारचा आहे, स्वातंत्र्य पाच गोष्टींचे आहे, समानता दोन बाबतींत आहे. गटाच्या आत स्वल्पविराम आहेत आणि गट संपला की अर्धविराम. मराठी उद्देशिकेतही तसेच आहे. ते अर्धविराम काढून सगळीकडे स्वल्पविराम घालून पाहा. न्याय कुठे संपला आणि स्वातंत्र्य कुठे सुरू झाले, हे वाचणाऱ्याला शोधावे लागेल. मुले ती रोज म्हणतात, पण त्यातली चिन्हे त्यांना कोणी दाखवत नाही.

सेमीकोलन पंधराव्या शतकाच्या अखेरीस व्हेनिसमध्ये आल्डस मॅन्युटियस यांच्या छापखान्यात छापला जाऊ लागला. आपल्या मोडी कागदपत्रांत अशी चिन्हे नव्हती. मराठीत ती एकोणिसाव्या शतकात मेजर थॉमस कँडी यांच्या प्रयत्नांनी रुजली. म्हणून ही ‘साहेबाची भानगड’ वाटणे स्वाभाविक आहे. पण कुठे थांबायचे याचा विचार मुस्लिम घरांतल्या मुलांना नवा नाही. मकतबमध्ये कुरआन वाचताना ओळीवरचे बारीक मीम दिसले की थांबायलाच हवे, जीम असेल तर थांबले तरी चालते, ‘ला’ असेल तर थांबायचे नाही, हे ती लहानपणीच शिकतात. या खुणा अर्थ बिघडू नये म्हणून आहेत. उर्दूच्या वर्गात ‘रोको, मत जाने दो’ आणि ‘रोको मत, जाने दो’ हा फरकही हसतखेळत शिकवला जातो. मग हीच समज इंग्रजीच्या तासाला का वापरू नये?

कायद्याच्या इंग्रजीत तर चिन्ह माणसाला तुरुंगापासून वाचवू शकते. मोहम्मद शब्बीर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या 1979 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने औषध कायद्याच्या कलम 27 मधील ‘स्टॉक्स’ या शब्दानंतर स्वल्पविराम नाही, याकडे बोट दाखवले. त्यामुळे ‘विक्रीसाठी’ ही अट साठ्यालाही लागू होते. औषध नुसते जवळ असणे हा त्या कलमाखालचा गुन्हा नाही, असे न्यायालयाने म्हटले.

आणि नागपूरकरांना वेगळे उदाहरण सांगायची गरज नाही. अनुसूचित जमातींच्या यादीत ‘गोंड गोवारी’ असे नाव आहे. हे एक नाव की दोन? मध्ये स्वल्पविराम हवा होता, तो राहून गेला, असे गोवारी समाज वर्षानुवर्षे सांगत आला. 23 नोव्हेंबर 1994 रोजी याच शहरात विधिमंडळावर निघालेल्या त्यांच्या मोर्चात चेंगराचेंगरी झाली आणि 114 जण मरण पावले. 2018 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने गोवारींच्या बाजूने निकाल दिला. डिसेंबर 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. न्यायालयातला वाद एका चिन्हापुरता नव्हता, हे खरे. पण अशा यादीत बदल करायचा तर संविधानाच्या कलम 342 प्रमाणे संसदेलाच कायदा करावा लागतो. कागदावर एक टिंब वाढवायला एवढा रस्ता चालावा लागतो.

तिथे प्रश्न स्वल्पविरामाचा होता, पण अर्धविरामही तेच काम करतो: काय एकत्र आहे आणि काय वेगळे, हे लिहून ठेवतो. जातीचा दाखला, शिष्यवृत्तीचा अर्ज, भाडेकरार, प्रतिज्ञापत्र, यातले बरेच कागद आपल्यासमोर इंग्रजीत येतात. ते तयार करणारा दुसराच असतो आणि आपण सही करून मोकळे होतो. ज्याला विरामचिन्हे वाचता येतात तो सही करण्याआधी विचारू शकतो की ही अट दोन्ही गोष्टींना आहे की एकीलाच. गरीब वस्तीतल्या मुलाला हा प्रश्न विचारता येणे ही चैन नाही.

शिक्षकांना माझी विनंती एवढीच आहे. पुढच्या वेळी सेमीकोलन शिकवताना ‘अर्धा श्वास’ सांगू नका. पुस्तकातले उद्देशिकेचे पान उघडा, मुलांना एकेका चिन्हावर बोट ठेवायला सांगा आणि विचारा, हे इथे नसते तर काय बिघडले असते?