खरी कमाई कोणाची?

दरवर्षी हिवाळ्याच्या सुमारास बहुतेक शाळांच्या पटांगणांत 'खरी कमाई'चा दिवस साजरा होतो, हे आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस निराळे सांगावयास नको. पताका लागतात, वर्गांतील बाके बाहेर येऊन ओळीने मांडली जातात, त्यांवर भेळ, वडे, इडल्या व सरबते यांची रेलचेल होते, आणि स्काऊट-गाईडांच्या गणवेषातील मुले-मुली मोठ्या उत्साहाने गिऱ्हाईकांस हाका मारतात. दोन तासांत सारे फस्त होते. सायंकाळी गल्ला मोजून आकडा फळ्यावर लिहिला जातो व टाळ्या पडतात. आम्हीही अशा भेळेचा आस्वाद अनेकवार घेतला असून तिची स्तुतीही केली आहे. परंतु ती भेळ कालविणाऱ्या मुलास, "कांदा कोणी चिरला? चिंचेचे पाणी कोणी केले? सामान कोणाच्या पैशाने आले?" असे दोन-चार प्रश्न विचारावे, म्हणजे तो खाली पाहू लागतो. मातोश्री पहाटे चार वाजता उठल्या होत्या. वडिलांनी आदल्या दिवशी बाजारहाट केला होता. आणि तेच वडील दुपारी सहकुटुंब येऊन आपल्याच घरचा माल रोख पैसे देऊन विकत घेऊन गेले होते! एका खिशातील पैका दुसऱ्या खिशात गेला, यास कमाई म्हणावयाचेच असेल तर निदान 'खरी' हे विशेषण तरी काढून ठेवावे.

या उपक्रमाचा मूळ हेतू फार साधा व फार कठीण आहे. मुलाने दुसऱ्याच्या दारी जावे, काम मागावे, ते मनापासून करावे, मिळेल तो मोबदला वहीत मांडावा आणि पथकाच्या निधीत जमा करावा. इंग्लंडातील बालवीरांनी १९४९ साली याच धर्तीवर 'बॉब-अ-जॉब' नावाचा सप्ताह सुरू केला व तो पुढे कित्येक दशके चालला. बॉब म्हणजे तेथील बोलीत शिलिंग. एका कामास एक शिलिंग, असा तो हिशेब. कोणी बूट पुसले, कोणी बागेतील गवत कापले, कोणी मोटारी धुतल्या. येथे पैसा हा गौण होय. अनोळखी नव्हे, पण परक्या अशा गृहस्थासमोर उभे राहून "आपल्याकडे काही काम आहे काय?" असे विचारण्यास जे धैर्य लागते, आणि "काम नीट झाले नाही, पुन्हा कर" हे ऐकून घेण्यास जो धीर लागतो, तो भेळेच्या टेबलामागे उभे राहून येत नाही.

आमच्या मते बालवीरांच्या शिक्षणातील सर्व गोष्टी अखेरीस याच एका प्रश्नाशी येऊन ठेपतात: मुलाच्या हाती आपण खरे काम देतो की कामाचे चित्र?

या चळवळीचा जन्म कसा झाला हे पाहिले असता आमचे म्हणणे अधिक स्पष्ट होईल. दक्षिण आफ्रिकेतील मॅफेकिंग या लहानशा गावास १८९९ च्या ऑक्टोबरात बोअर सैन्याचा वेढा पडला आणि तो २१७ दिवस टिकला. गावाच्या संरक्षणाचा भार कर्नल बेडन-पॉवेल यांच्याकडे होता. माणसे थोडी पडू लागली, तेव्हा लॉर्ड एडवर्ड सेसिल या अधिकाऱ्याने गावातील मुलांचे एक दल उभारले. निरोप पोचविणे, इस्पितळात मदत करणे ही कामे त्यांच्याकडे आली आणि मोठी माणसे लढण्यास मोकळी झाली. ही मुले तोफांच्या माऱ्यातून सायकलींवरून जात. मुलांवर विश्वास टाकला तर ती तो सार्थ करतात, ही गोष्ट बेडन-पॉवेल यांच्या मनात तेथे पक्की झाली. (लहान मुलांस तोफांच्या तोंडी पाठवावे काय, हा प्रश्न निराळा, त्याचे उत्तर आम्ही तरी 'नाही' असेच देऊ.)

पुढे १९०७ च्या ऑगस्टात त्यांनी पूलच्या खाडीतील ब्राऊनसी बेटावर सुमारे वीस मुलांचे एक शिबिर भरविले. काही मुले मोठमोठ्या घराण्यांतील, ईटनसारख्या शाळांत शिकणारी. तर काही पूल व बोर्नमथ येथील कामकऱ्यांची, बॉईज ब्रिगेडमधून आलेली. लांडगा, बैल, कुरल व डोमकावळा अशा नावांचे चार संघ पाडले. प्रत्येक संघातील मोठा मुलगा त्याचा नायक. त्या संघाच्या वागणुकीची पूर्ण जबाबदारी नायकावर! तंबूत किंवा रानात आपल्या चार सोबत्यांचे काय होते, त्याचा जाब त्यानेच द्यावयाचा. वीस मुलांवर एका शिक्षकाने ओरडावे यापेक्षा चार मुलांनी प्रत्येकी चौघांस सांभाळावे, ही या शिबिरातील खरी नवलाई होय. गाठी, खुणा, माग काढणे हे सर्व त्या जबाबदारीची निमित्ते आहेत. पाण्यात पडलेल्या माणसास दोराने ओढून काढावयाचे तर त्याच्या छातीभोवती न आवळणारी गाठ पाहिजे. ती मारता आली म्हणून एक बिल्ला मिळतो हे खरे, परंतु ती गाठ बिल्ल्यासाठी शोधून काढलेली नव्हती.

या पद्धतीची कसोटी लवकरच लागली. १९१४ साली महायुद्ध सुरू होताच इंग्लंडातील असंख्य स्काऊटमास्तर सैन्यात गेले. पथके बंद पडावयाची. परंतु ठिकठिकाणी चौदा-पंधरा वर्षांच्या संघनायकांनीच ती चालविली. किनाऱ्यावरील पहारेकरी आरमारात गेल्यावर बालवीरांनी समुद्रकिनाऱ्यावर पहारा दिला. हवाई हल्ला संपून संकट टळले, हे बिगूल वाजवून लोकांस कळविण्याचे काम पुढे त्यांच्याकडेच आले. ज्या मुलांस आधी लहानसहान जोखीम दिली होती, तीच मोठी जोखीम उचलू शकली. ती काही एका रात्रीत शहाणी झाली नव्हती.

आपल्या देशातील इतिहास तर आणखी विचार करावयास लावणारा आहे. येथे पहिले पथक १९०९ साली कॅप्टन टी. एच. बेकर यांनी बंगळूर येथे काढले. पण ते युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांसाठी. हिंदी मुलांस या चळवळीत घ्यावयास सरकार तयार नव्हते. त्यांस संघटना, शिस्त व नेतृत्व शिकविले तर ती उद्या काय करतील, ही भीती! तेव्हा आपल्या लोकांनी आपली वाट काढली. मद्रासेत ॲनी बेझंट व अरुंडेल यांनी, आणि अलाहाबादेत पंडित मदनमोहन मालवीय, हृदयनाथ कुंझरू व श्रीराम बाजपेयी यांनी सेवा समितीच्या द्वारे बालवीरांची पथके उभारली. 'सेवा' हा शब्द त्यांनी मंडळाच्या नावातच घातला, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. पुढे १९३७ साली खुद्द बेडन-पॉवेल यांनी हिंदी लोकांच्या शीलाविषयी अनुदार उद्गार काढले. त्यामुळे अनेकजण मूळ संस्थेतून बाहेर पडले आणि १९३८ साली हिंदुस्थान स्काऊट असोसिएशन निघाली. संस्थापकाचे हे बोल गैर होते, असे म्हणण्यास आम्हांस संकोच वाटत नाही. तथापि आपल्या लोकांची थोरवी अशी की, त्यांनी माणसाचे बोल टाकले आणि पद्धती ठेवली. ७ नोव्हेंबर १९५० रोजी निरनिराळ्या संस्था एकत्र येऊन भारत स्काऊट्स आणि गाईड्स ही संस्था झाली व १९५१ साली गर्ल गाईड्सची संस्थाही तीत सामील झाली.

परकी सरकारने हिंदी मुलांवर अविश्वास दाखविला म्हणून आपण संतापतो, ते योग्यच. परंतु आज त्याच मुलांच्या नातवंडा-पतवंडांवर अविश्वास कोण दाखवीत आहे? सरकारचा अविश्वास भीतीतून आला होता, आमचा मायेतून येतो, एवढाच भेद. मुलास चूल पेटविता येणार नाही, म्हणून शिबिरात आचारी ठेवावयाचा. तंबू वाकडा दिसेल, म्हणून शिपायाकडून तो ठोकून घ्यावयाचा. मेळाव्यात पाहुण्यांपुढे संचलन चुकेल, म्हणून संघनायकाच्या शेजारून शिक्षकाने पुटपुटत चालावयाचे. रोजच्या सत्कृत्याची वही तर कित्येक घरी थोरली बहीण एका बैठकीत महिनाभराची लिहून काढते. अक्षर सुरेख असते!

सेवाकार्याचीही तीच गत आहे. एका गावच्या स्वच्छता-मोहिमेस आम्ही गेलो होतो. पन्नास मुले, पंधरा झाडू, आणि सकाळी आधीच झाडून घेतलेला चौक. पाहुणे आले, छायाचित्रे निघाली, भाषणे झाली, फराळ झाला. आणि फराळाचे कागद त्या चौकात तसेच राहिले. या मुलांस आपण काय शिकविले? सेवा म्हणजे पाहुणे येण्याच्या वेळी हाती झाडू धरणे, हेच ना? त्याच गावच्या जत्रेत पाणपोईवर उन्हात उभी राहून गर्दीतील म्हाताऱ्या माणसांस पाणी देणारी सहा मुले आम्ही पाहिली आहेत. त्यांचे छायाचित्र कोणी घेतले नाही. पण दुपारी रांजण रिकामा झाला तेव्हा त्यांच्या संघनायिकेस कळले की, पाणी सांगून ठेवावयास पाहिजे होते. आणि दुसऱ्या दिवशी तिने ते सकाळीच सांगून ठेवले. नेतृत्वाचा पाठ तो हाच. तो व्याख्यानाने देता येत नाही, कारण रिकामा रांजण व्याख्यानात बसत नाही.

प्रमाणपत्रांविषयीही थोडे स्पष्ट लिहिले पाहिजे. प्रवेश, प्रथम, द्वितीय व तृतीय सोपान, राज्य पुरस्कार, आणि त्यापुढे राष्ट्रपती पुरस्कार अशा पायऱ्या ठरलेल्या आहेत व त्या चांगल्या आहेत. रेल्वेच्या भरतीतही स्काऊट-गाईडांसाठी काही जागा असतात. पालकांनी मुलाच्या भवितव्याचा विचार करावा, यात गैर काहीच नाही. परंतु पायरी ही चढण्यासाठी असते. मुलास उचलून वरच्या पायरीवर नेऊन ठेवले, तर तेथून खाली पाहताना तोच घाबरणार.

मोठ्या माणसांच्या शिक्षणाचा प्रकार या बाबतीत बोधप्रद आहे. लंडनजवळ गिलवेल पार्क येथे १९१९ साली स्काऊटमास्तरांचा पहिला वर्ग भरला, तेव्हा त्या प्रौढ गृहस्थांसही संघांत वाटून तंबूंत राहावयास लावले. शिक्षण पुरे झाले म्हणजे लाकडी मणी मिळत. आपल्याकडे त्याच परंपरेतील उच्च शिक्षणास 'हिमालय वूड बॅज' म्हणतात आणि सातपुड्यातील पचमढी येथे राष्ट्रीय प्रशिक्षण केंद्र आहे. अशा शिबिरांतून चाळिशी उलटलेले पदवीधर शिक्षक ओल्या लाकडांवर फुंकर घालून डोळे पुसताना दिसतात, सकाळच्या तपासणीत पांघरुणाची घडी चुकली म्हणून गुण गमावतात, आणि आपल्याहून वयाने लहान अशा संघनायकाची आज्ञा पाळतात. करपलेला भात खाऊन पाहिल्याखेरीज दुसऱ्यास तो करपवू देण्याची उदारता येत नाही, असे आमचे मत आहे. ज्यांनी ते शिक्षण घेतले, त्यांनी परत शाळेत येऊन आचारी का ठेवावा, हे मात्र आम्हांस उलगडत नाही.

पालकांचे दोन आक्षेप आम्ही नेहमी ऐकतो. पहिला सुरक्षिततेचा. तो खरा आहे, आणि त्यास हसण्यावारी नेणारा शिक्षक मुलांच्या संगतीस योग्य नव्हे. पाणी, रस्ता व आग यांच्या जवळ मोठे माणूस असलेच पाहिजे. कामासाठी मुलांनी दारोदार एकट्याने हिंडू नये. जोडीने, दिवसाउजेडी, पालकांच्या माहितीतील घरीच जावे. पण मोठे माणूस जवळ असणे निराळे व त्याने काम हातातून काढून घेणे निराळे. दुसरा आक्षेप अभ्यासाचा. त्यास आम्ही एवढेच म्हणू की, आठ मुलांचे वेळापत्रक आखून ते पाळावयास लावणारी मुलगी आपले स्वतःचे वेळापत्रक बहुधा बरे पाळते. 'बहुधा' असे आम्ही मुद्दाम लिहितो. हमी देत नाही.

शाळांनीही संख्येचा हव्यास सोडावा. मैदानावर दोनशे गणवेष उभे राहिले म्हणजे दोनशे बालवीर झाले असे नव्हे. बत्तीस मुलांचे एक पथक, त्यात आठ-आठांचे चार संघ, आणि दर पंधरवड्यास खरोखर बसणारी संघनायकांची मानसभा, एवढे जरी वर्षभर चालले तरी त्याचे मोल मोठे. त्या सभेत स्काऊटमास्तराने शक्य तितके गप्प बसावे. शिक्षकास गप्प बसणे किती कठीण, हे आम्ही स्वानुभवाने जाणतो.

विद्यार्थ्यांनो, येत्या वर्षी खरी कमाईचा दिवस आपल्याही शाळेत व्हावा, पण भेळेच्या टेबलांवाचून व्हावा, अशी आमची सूचना आहे. ग्रंथालयातील फाटक्या पुस्तकांस पुठ्ठे घालणे, शेजारच्या दुकानदाराचा माल रचून देणे, आजोबांच्या सोबत्यांस वर्तमानपत्र वाचून दाखविणे, सायकली पुसणे, अशी कामे तुमच्या संघाने स्वतः शोधावीत व मिळालेला पैसा कोठे खर्चावयाचा तेही सभेत स्वतः ठरवावे. रक्कम भेळेच्या गल्ल्याहून थोडी येईल. ती फळ्यावर तशीच लिहावी.

आणि पालकवर्गास शिबिरापुरती एक विनंती. सामानाची छापील यादी मुलांबरोबर घरी येईल. तीत ताट, वाटी, पेला, पांघरूण, विजेरी व दोर आहेत. डबा नाही, तो चुकून राहिलेला नाही.