क्लोरीन नळाशीच तपासा



मातीचा नमुना सावलीत वाळवून पिशवीत भरला, की आठ दिवसांनी प्रयोगशाळेत पोचला तरी बिघडत नाही. पाण्यातल्या क्लोरीनचे तसे नाही. हे मला उशिरा कळले, आणि त्यापायी एका गरीब माणसाला फुकटचा बोल लागला.

एका गावात जुलाबाची साथ होती. सरपंच म्हणाले, "साहेब, जिल्ह्याला जाताच आहात, तर नळाचे पाणीही तपासून आणा." जंतुतपासणीची एक बाटली हाती होती. तिच्यात पाणी भरले, 'क्लोरीनसाठी' अशी चिठ्ठी लावली आणि एसटीने निघालो. दुसऱ्या दिवशी अहवाल आला : क्लोरीन शून्य. ग्रामसभेत एकच ओरड झाली, की पाणी सोडणाऱ्याने टीसीएल पावडर टाकलीच नाही, परस्पर विकली. तो आईची शपथ घेऊन सांगत होता. पण ऐकतो कोण?

पुढे प्रयोगशाळेतल्या बाईंनी विचारले, "बाटली कोणती वापरली होती?" तेव्हा उलगडा झाला. जंतुतपासणीच्या बाटलीत थायोसल्फेट आधीच घातलेले असते. ते क्लोरीन जागच्या जागी संपवते. नाहीतर वाटेत क्लोरीन जंतू मारत राहील आणि नळाशी ते किती होते हे कळणार नाही. म्हणजे ते शून्य पाण्याचे नव्हते, बाटलीचे होते. आणि बाटली साधी असती, तरी ऊन आणि दिवसभराचा प्रवास यांत क्लोरीन घटतेच.

मग आम्ही गावात जाऊन नळाशीच तपासणी केली. टाकीजवळ पाणी पिवळे झाले, चावडीपाशी झाले. शेवटच्या वस्तीवर मात्र रंगच येईना. खोदून पाहिले, तर गटाराखालून गेलेला पाइप फुटलेला. आजारी माणसे बहुतेक त्याच वस्तीतली. त्या माणसाची मी भर सभेत माफी मागितली.

तेव्हा तपासणी अशी करा :

१. टाकीत पावडर टाकल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्या. जंतू मरायला तेवढा वेळ लागतो.

२. टाकीजवळचा, मधला आणि सर्वांत शेवटचा, असे तीन नळ निवडा. नळ दोन-तीन मिनिटे वाहू द्या.

३. क्लोरोस्कोपची नळी त्याच पाण्याने विसळून खुणेपर्यंत भरा. ओ. टी. द्रावणाचे सांगितले असतील तितकेच थेंब टाका आणि रंग लगेच ताडून पाहा. मागाहून गडद होणारा रंग मोकळ्या क्लोरीनचा नव्हे. सावलीत, पांढऱ्या कागदापुढे नळी धरावी.

४. ओ. टी. द्रावण अंगाला अपायकारक आहे. हाताला लागू देऊ नका, मुलांपासून दूर ठेवा. तपासलेले पाणी पिऊ नये.

प्रयोगशाळेत यापेक्षा बिनचूक अशी डीपीडी पद्धत वापरतात. तिच्यात पाणी गुलाबी होते. क्लोरीन फारच जास्त असेल, तर हा गुलाबी रंग उमटून उडून जातो. त्याला शून्य समजू नका. शुद्ध पाणी मिसळून पुन्हा पाहतात. पण तपासणी कितीही बिनचूक असली, तरी बाटलीतून उडून गेलेले क्लोरीन ती परत आणू शकत नाही.

शेवटच्या नळाला लिटरमागे निदान ०.२ मिलिग्रॅम मोकळे क्लोरीन असावे. म्हणजे पाच हजार लिटरला अवघा एक ग्रॅम. साथ असताना ०.५ ठेवतात. नुसत्या वासावर भरवसा नको.

पावडर टाकूनही सगळ्याच नळांना रंग येत नसेल, तर आधी पावडर पाहा. ताज्या पावडरीत सुमारे ३३ टक्के क्लोरीन असते. पिशवी उघडी राहिली, ओल लागली, की ते उतरत जाते. पावडरीचा नमुना मात्र घट्ट झाकणाच्या डब्यात घालून प्रयोगशाळेत जरूर पाठवा. जंतू, फ्लोराइड, नायट्रेट यांच्यासाठी पाणीही पाठवा. क्लोरीन मात्र नळाशीच पाहा, आणि आकडा, वेळ व नळ वहीत लिहून ठेवा.

शेवटच्या नळाला रंग आला, तरच गावाचे पाणी शुद्ध झाले असे समजा. आणि रंग आला नाही, तर माणसाला बोल लावण्याआधी पाइप तपासा.