कांदळवनाचे भवितव्य वल्ह्याच्या हाती

वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी महिला बचत गटाने २०१७ मध्ये कांदळवन सफर सुरू केली, तेव्हा महिलांच्या रोजगाराचा एक उपक्रम म्हणूनच तिच्याकडे पाहिले गेले. वल्ही मारणाऱ्या स्थानिक महिला, होडीत मोजके पर्यटक आणि वाटेत कांदळ, तिवर, चिपी यांची ओळख, असे तिचे साधे स्वरूप. मात्र, खाडीचे जंगल राखायचे कोणी, या जुन्या प्रश्नाला या प्रयोगाने नवे उत्तर दिले.

राज्यात कांदळवनाला कायद्याचे संरक्षण नाही, असे नव्हे. २०१२ मध्ये त्यासाठी स्वतंत्र कक्ष स्थापन झाला. २०१८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कांदळवनाचा विध्वंस हा जगण्याच्या मूलभूत हक्काचा भंग ठरवला आणि भोवतीच्या ५० मीटर पट्ट्यातही बांधकामास मज्जाव केला. भारतीय वन सर्वेक्षणाच्या २०२१ च्या अहवालानुसार राज्यातील कांदळवन ३२४ चौरस किलोमीटर आहे. ते असंख्य खाड्यांत विखुरलेले असल्याने केवळ वनरक्षकांच्या बळावर त्याची राखण होणे अवघड. ज्या गावाची चूल या झाडांवर पेटते, ते गाव मात्र न सांगता पहारा देते.

खरी कसोटी लागते ती यशानंतर. सिंधुदुर्ग १९९७ मध्येच पर्यटन जिल्हा म्हणून जाहीर झाला. पर्यटकांची गर्दी वाढली, की वल्ह्याच्या जागी इंजिन आणि एका होडीच्या जागी दहा होड्या आणण्याचा मोह होतो. इंजिनाच्या लाटांनी चिखलाचे काठ ढासळतात, आवाजाने पक्षी उठतात आणि सांडलेले तेल श्वसनमुळांवर बसते. याच मुळांच्या आडोशाला मासळीची पिल्ले वाढत असल्याने त्याची झळ अखेर मच्छीमारांच्या जाळ्यापर्यंत पोहोचते.

वल्ह्याची होडी भरती-ओहोटीच्या वेळा पाळते, अरुंद फाट्यांतून हळू जाते आणि दिवसाकाठी मोजक्याच फेऱ्या करते. या मर्यादेतच तिचे सामर्थ्य आहे. म्हणूनच कोकणातील अन्य खाड्यांत अशा सफरींना परवानगी देताना होड्यांची कमाल संख्या, इंजिनबंदी आणि स्थानिकांचा पहिला हक्क या तीन अटी आधीच निश्चित व्हायला हव्यात. गर्दी झाल्यानंतर घातलेले निर्बंध कागदावरच राहतात, हा किनाऱ्यावरील पर्यटनाचा आजवरचा अनुभव आहे.