पाणी दिलेली सुरी

एखाद्या कवीची भाषा आवडली की आपण तिला पाणीदार म्हणतो, टीका झोंबली की ती धारदार होती असे म्हणतो, आणि एखादा विषय चर्चासत्राच्या पत्रिकेत घालायचा झाला की तो ऐरणीवर आणतो. मराठी समीक्षेचा निम्मा शब्दसंग्रह लोहाराच्या पालातून आला आहे, असे म्हटले तर थोडी अतिशयोक्ती होईल, फार नव्हे. (मोत्यालाही पाणी असते हे आम्ही विसरलेलो नाही, पाणीदार हा शब्द दोन्ही घरचा आहे.) पण हे शब्द वापरणाऱ्या आपल्यापैकी किती जणांच्या स्वयंपाकघरात लोहाराने घडवलेली सुरी आहे? आमच्याकडे परवापरवापर्यंत नव्हती. ती कशी आली, आणि कारखान्यातली बाजूला ठेवून ती का निवडावी, याविषयी थोडे लिहायचे आहे.

आमच्या घरी भाजी चिरण्याचे काम आमच्याकडे असते, आणि आम्ही डावखुरे आहोत. विळीवर त्याने काही बिघडत नसे. विळीचे पाते जागच्या जागी असते, हलते ती भाजी. मग हात कोणता हा प्रश्न दुय्यम. पुढे गुडघ्यांनी असहकार पुकारला, ओट्याशी उभे राहणे आले, आणि सुरी आली. दुकानातून आणलेल्या सुरीच्या मुठीला अंगठा टेकवण्यासाठी सुबक खोबण होती, अर्थात उजव्या अंगठ्यासाठी. ज्याने ती मूठ आखली त्याने हाताचा विचार केलाच नव्हता असे नाही. त्याने लाखो हातांचा विचार केला होता आणि त्यांची सरासरी काढली होती. आमचा हात त्या सरासरीत बसत नव्हता, इतकेच.

सातारा जिल्ह्यातल्या एका आठवडी बाजाराच्या कडेला घिसाड्यांची पाले पडलेली होती. तिथे आम्ही सुरी करून मागितली. कारागिराने पहिला प्रश्न केला, "सर, चिरणार काय?" आम्ही म्हणालो, भाजी. "कंची? पालेभाजी का सुरण?" वाङ्मयाच्या वर्गात वर्षानुवर्षे आशय आणि आकृतिबंध शिकवूनही आम्हांला हा प्रश्न सुचला नव्हता. मग त्याने आमच्या हातात एक काठी दिली आणि धरायला सांगितली. पकड पाहिली, बोटांची रुंदी आपल्या बोटांनी मापली, आणि मुठीसाठी बाभळीचा तुकडा निवडला.

लोखंड ट्रकच्या कमानीच्या पाट्याचे होते. साध्या सळईत कार्बन फार कमी असतो. ती कितीही तापवून बुडवा, धार धरत नाही. कमानीच्या पोलादात तो अर्ध्या टक्क्याहून थोडा अधिक असतो, म्हणून ते पाणी घेते. भट्टीवर मुद्दाम सावली धरलेली होती, कारण पोलाद किती तापले हे रंगावरून ओळखायचे असते आणि भर उन्हात लाली दिसत नाही. भात्याच्या जागी आता विजेवरचा लहान पंखा आहे. घण मात्र बाईच्या हातात होता; नवरा सांडशीत पाते धरून हलक्या हातोडीने जागा दाखवी आणि तिथेच तिचा घाव पडे. दोघे एक शब्द बोलत नव्हते. पाते घडल्यावर ते पुन्हा लालबुंद करून जुन्या तेलाच्या डब्यात बुडवले. आपण अजून पाणी देणे म्हणतो. हे पोलाद पाण्यात तडकण्याची भीती असते, म्हणून तो तेल देतो. मग एक बाजू घासून चकचकीत केली आणि पाते निखाऱ्यावर हळूहळू शेकले. चकाकीवर वाळल्या गवताचा पिवळा रंग चढला, तो तपकिरीकडे झुकू लागला, आणि त्याने पाते उचलले. आणखी थोडा वेळ ठेवले असते तर निळे झाले असते, मग ते चिवट पण मऊ राहिले असते. लवकर काढले असते तर काचेसारखे ठिसूळ. हा निर्णय दोन श्वासांच्या अवधीतला होता.

कारखानाही हेच करतो, अधिक अचूकपणे करतो, आणि हे मान्य करण्यात कमीपणा नाही. गंज न धरणारे पोलाद हे विसाव्या शतकाचे मोठे देणे आहे. १९१३ साली हॅरी ब्रिअर्लीने ते शेफिल्डमध्ये ओतले, तेही सुऱ्यांसाठी नव्हे, बंदुकीच्या नळ्यांची झीज टाळण्याच्या खटपटीत. त्याच शेफिल्डच्या सुरीचा उल्लेख चॉसरच्या 'कँटरबरी टेल्स'मध्ये आहे. तिथला एक गिरणीवाला ती मोज्यात खोचून हिंडतो. आमच्या सुरीला हे सुख नाही. कैरी चिरली की ती काळी पडते, पावसाळ्यात तेलाचे बोट फिरवले नाही तर गंजते, आणि सुरुवातीचे काही दिवस कांद्याला तिची चव लागत होती. आजीच्या विळीचे पातेही काळेच होते, पण तेव्हा त्याला कोणी दोष म्हणत नसे.

मग निवड कशासाठी? एकदा आम्ही आगाऊपणाने तिने नारळ फोडू पाहिला आणि धारेचा टवका उडाला. दुकानातली सुरी असती तर कचऱ्यात गेली असती. ही आम्ही पुढच्या बाजारी परत नेली. कारागीर हसला, "ह्याला कोयता असतो, सर," म्हणाला, आणि धार मागे घासून, पुन्हा शेकून दिली. पाते दोन दोऱ्यांनी अरुंद झाले. ज्याने वस्तू केली त्याला ती कुठे दुखते हे विचारता येते, हे आमच्या निवडीचे खरे कारण. हातमागच्या सौंदर्याबद्दल बोलतात तसे हळवे काही त्यात नाही.

हळवेपणाबद्दल थोडे अधिक लिहिले पाहिजे, कारण आपल्या वर्गात तो पुस्तकांमधून येतो. रस्किनने 'स्टोन्स ऑफ व्हेनिस'च्या १८५३ सालच्या खंडात गॉथिक कोरीवकामातल्या ओबडधोबडपणात कारागिराचे स्वातंत्र्य पाहिले. आनंद कुमारस्वामींनी १९०९ साली 'द इंडियन क्राफ्ट्समन'मध्ये आपल्या वंशपरंपरागत कारागिराचा गौरव केला. दोन्ही वाचावीत, पण त्यांच्या शेजारी त्रिं. ना. आत्र्यांचा 'गावगाडा' (१९१५) आणि दया पवारांचे 'बलुतं' (१९७८) ठेवून. ज्या समाजात काम जन्माने वाट्याला आले, तिथे हाताची खूण म्हणजे स्वातंत्र्याची खूण असे सरसकट म्हणता येत नाही. गावच्या लोहाराला सुगीच्या वेळी खळ्यावर धान्य मिळे, वस्तूची किंमत नव्हे. घिसाड्याला तर गावात घरही नव्हते. आणि भाषेने त्याला दिले काय, तर घिसाडघाई हा शब्द. तापलेले पाते काही क्षणच ऐकते, तेवढ्यात घाव बसले पाहिजेत. ती घाई म्हणजे निष्काळजीपणा नव्हे, उलट सारे लक्ष त्या क्षणावर एकवटलेले असते. पाणीदार हे विशेषण आपण कवींना वाटून टाकले आणि ज्याने पाणी दिले त्याच्या नावाने शिवी ठेवली.

आता आमचीच लाज सांगतो. त्या सुरीचे त्याने ४५० रुपये सांगितले होते. आम्ही सवयीने ३०० म्हणालो आणि ३५० वर सौदा केला. पती-पत्नीची अर्ध्या दिवसाची मेहनत, लोखंड, कोळसा, मूठ, सारे त्यात आले. त्याच महिन्यात शहरातल्या मोठ्या दुकानातून त्याहून महाग सुऱ्यांचा संच आणला तेव्हा वेष्टनावर छापलेल्या किमतीपुढे आम्ही एक अक्षर बोललो नाही. हौशी मंडळी लाटालाटांच्या नक्षीची 'हँडमेड' सुरी हजारो रुपये मोजून घेतात, तिथेही कोणी घासाघीस करत नाही. म्हणजे हाताने केलेल्या कामाचे मोल आपल्याला कळत नाही असे नाही. ते पालात बसलेल्या माणसाला द्यायचे झाले की बलुत्याची जुनी सवय जिभेवर येते. किंमत न देता केलेली हस्तकलेची निवड आम्हांला आता निवड वाटत नाही. ती फार तर स्वस्त खरेदी.

मागच्या महिन्यात एका मित्रासाठी तशीच सुरी करायला सांगितली. किंमत ५०० सांगितली. आम्ही पाचशेची नोट पुढे केली. त्याने ती घेतली नाही. आमच्याकडे, मग नोटेकडे पाहिले आणि बायकोला हळूच काही म्हणाला. "का, सर," त्याने विचारले, "मागली पसंत नाय पडली का?" भाव न करणारे गिऱ्हाईक परत येत नाही, असा त्याचा अनुभव होता.