फिल्म बदला, पॅनल वाचवा

भिवंडीत सुताला खळ देताना जे पीव्हीए वापरतात, त्याचाच ताणलेला, आयोडीन मुरवलेला पापुद्रा एलसीडी टीव्हीच्या काचेवर पोलरायझर म्हणून चिकटवलेला असतो. ओल व उष्णतेने तो खराब होतो. मुंब्रा-कल्याणच्या दुरुस्ती करणाऱ्या बांधवांनी अशा वेळी ‘पॅनल गेले’ म्हणून मोकळे होऊ नये. नव्या पॅनलची किंमत ऐकून गिऱ्हाईक नवा टीव्ही घेते. कारागिराच्या हाती काहीच उरत नाही. काच शाबूत असेल तर फक्त फिल्म बदलता येते.

मात्र घाई नको. सेटचा प्लग काढून पॅनल मऊ कापडावर सपाट ठेवावे. हलकी ऊब देऊन प्लास्टिकच्या पातीने कोपरा उचलावा. फिल्म काचेलगत मागे दुमडून संथ ओढावी. उभी ओढल्यास काच तडकते. पॅनल थंड झाल्यावर उरलेला गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावा. कडेच्या रिबनला थेंब लागू देऊ नये. खिडकी उघडी, विस्तव दूर ठेवावा. नवी फिल्म जुन्याच दिशेने लावावी. आडवी लागली तर काळ्याचे पांढरे दिसते.

आधी भंगारातल्या पॅनलवर हात बसवावा. काच फुटण्याचा धोका गिऱ्हाईकाला काम घेतानाच सांगावा. हुन्नराइतकीच इमानदारीही दुकान चालवते.